स्त्रीबीज सुटण्याची वेळ कशी ओळखावी

पाळी सुरू झाल्यापासून १४ व्या दिवशी स्त्रीबीज सुटते, हे विधान आता इतके सर्वतोमुखी झाले आहे की, जीवशास्त्राच्या शिकवणीपासून मोबाइलवरील पाळीच्या ॲपपर्यंत सर्वत्र ते निरपवाद सिद्धांताच्या थाटात वावरते. आणि मूल हवे म्हणून त्या दिवसाची वाट पाहणाऱ्या, तशाच नको म्हणून तो दिवस टाळणाऱ्या, अशा दोन्ही प्रकारच्या स्त्रिया त्या एका आकड्यावर विसंबून राहतात. वस्तुस्थिती अशी की, हा आकडा ज्या संशोधनातून पुढे आला त्यात तो मुळी मागील पाळीपासून मोजलेलाच नव्हता. जपानमधील क्यूसाकू ओगिनो यांनी १९२४ मध्ये, आणि ऑस्ट्रियातील हेर्मान क्नाउस यांनी त्यानंतर चारपाच वर्षांनी स्वतंत्रपणे, जे दाखवून दिले ते असे की, बीज सुटण्याचा संबंध होऊन गेलेल्या पाळीशी नसून येणाऱ्या पाळीशी असतो. पुढील पाळीच्या आधी साधारणपणे दोन आठवडे ही घटना घडते. जिची पाळी २८ दिवसांनी येते तिच्या बाबतीत पुढून मोजा की मागून मोजा, हिशेब एकच येतो. परंतु ३५ दिवसांनी पाळी येणाऱ्या स्त्रीचे बीज २१ व्या दिवसाच्या आसपास सुटते, आणि २४ दिवसांनी येणारीचे १० व्या. शिवाय पुढची पाळी नक्की कधी येणार हे ती आल्यावाचून कोणालाच सांगता येत नाही. सबब, मागून मोजण्याचा नियम खरा असूनही, आजचा दिवस कोणता या प्रश्नाला त्यातून उत्तर मिळत नाही.

दिवस मोजण्याची ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात ऋतुकालाची मुदत १२ रात्रींची सांगितली असून ती सरली म्हणजे योनी मिटते असे म्हटले आहे. मनुस्मृतीने हीच मुदत १६ रात्रींची धरली. स्वातंत्र्यानंतर, १९५१ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेतर्फे डॉ. अब्राहम स्टोन भारतात आले, तेव्हा दिल्लीतील लोदी कॉलनीत आणि म्हैसूर राज्यातील रामनगरम येथे दिवसगणतीची पद्धत शिकवण्याचा प्रयोग झाला, आणि त्यासाठी स्त्रियांच्या हाती रंगीत मण्यांच्या माळाही देण्यात आल्या. तो प्रयोग मूळ धरू शकला नाही. ज्या स्त्रीची पाळी या खेपेस २७ आणि पुढच्या खेपेस ३३ दिवसांनी येते तिला मण्यांची माळ काय किंवा आजचे ॲप काय, मागील महिन्यांच्या सरासरीपलीकडे काही देऊ शकत नाही. ताप, लांबचा प्रवास, परीक्षा, घरातील मृत्यू यांपैकी एखाद्या कारणाने बीजाची वाढ आठवडाभर खोळंबली, तरी भिंतीवरच्या तारखेला त्याची खबर नसते. ती खबर असते स्त्रीच्या शरीराला, आणि गर्भाशयमुखातील स्रावाच्या रूपाने ते ती दररोज देत असते. हा स्राव ओळखण्यास शिकणे कठीण नाही, त्याला पैसा लागत नाही, आणि वयात आलेल्या प्रत्येक स्त्रीला ते यावे, असे मला मनापासून वाटते.

गर्भाशयाच्या खालच्या टोकाला बोलण्यात 'पिशवीचे तोंड' म्हणतात. तेथील सूक्ष्म ग्रंथींतून हा स्राव झिरपतो. पाळीनंतर बीजकोशात एखादे बीज वाढीस लागले म्हणजे त्याच्या भोवतालच्या पुटकातून इस्ट्रोजेन हे संप्रेरक वाढत्या प्रमाणात रक्तात उतरू लागते, आणि त्याच्या अंमलाखाली हा स्राव प्रमाणाने वाढतो व पातळ होत जातो, इतका की बीज सुटण्याच्या सुमारास त्यात ९५ टक्क्यांहून अधिक पाणी असते. एरवी या स्रावातील तंतू परस्परांत गुंतून दाट जाळे करतात आणि शुक्रजंतूंना वर जाण्यास मज्जाव करतात. त्या मोजक्या दिवसांत जाळे सैल होते, वाट मोकळी होते, आणि योनीतील आम्लतेपासून शुक्रजंतूंना संरक्षणही मिळते. अशा स्रावाच्या आश्रयाने शुक्रजंतू ५ दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. तो नसेल तर योनीत त्यांचे आयुष्य काही तासांचेच. बीज सुटले की प्रोजेस्टेरोन या दुसऱ्या संप्रेरकाचा अंमल सुरू होतो, आणि एकदोन दिवसांत स्राव दाट होऊन तोंड पुन्हा बंद होते. सुश्रुतांच्या १२ रात्री आज प्रमाण मानता येणार नाहीत, परंतु काळ सरला म्हणजे वाट मिटते, या त्यांच्या म्हणण्यात निरीक्षणाचा काही अंश असला पाहिजे, असे हे शरीरकार्य समजून घेताना राहून राहून मनात येते.

प्रत्यक्षात दिसते ते असे. रक्तस्राव थांबल्यावर बहुतेक स्त्रियांना काही दिवस कोरडेपणा जाणवतो. ज्यांचे चक्र लहान असते त्यांना हे कोरडे दिवस लाभतच नाहीत, आणि रक्त थांबते न थांबते तोच ओलावा सुरू होतो. त्यानंतर जो पहिला स्राव येतो तो थोडा, पांढुरका किंवा किंचित पिवळसर असतो. दोन बोटांत धरून बोटे दूर केली तर तो लगेच तुटतो. दोनतीन दिवसांत त्याचे प्रमाण वाढते आणि तो मऊ, दुधाळ होतो. यापुढची अवस्था महत्त्वाची. स्राव आता स्वच्छ व पारदर्शक होतो, आणि अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये धरून हळूहळू ताणला तर न तुटता त्याची ८-१० सेंटिमीटरपर्यंत तार निघते. पुस्तकांतून याला कच्च्या अंड्यातील पांढऱ्या बलकाची उपमा देतात, पण ज्या घरात अंडे येत नाही तेथील स्त्रीला ती काय कामाची? तिने भेंडी चिरताना सुरीच्या पात्याला जी बुळबुळीत, पारदर्शक तार येते ती आठवावी. एखाद्या स्त्रीला ही अवस्था एकच दिवस दिसते, एखादीला तीनचार दिवस. एखादीला तार अशी फारशी दिसतच नाही, पण पाण्यासारखा पातळ ओलावा आणि बुळबुळीतपणा मात्र निश्चित जाणवतो. त्यानंतर, बहुधा एका रात्रीत, सारे पालटते: स्राव पुन्हा दाट व चिकट होतो किंवा नाहीसाच होतो, आणि पाळी येईपर्यंत तसाच राहतो.

या खुणांत डोळ्यांना दिसणाऱ्या खुणेपेक्षा स्पर्शाची खूण अधिक भरवशाची आहे. चालताना, बसताना, काम करताना त्या जागी कोरडे वाटते, ओलसर वाटते की निसरडे वाटते, याकडे दिवसातून दोनतीनदा क्षणभर लक्ष द्यावे, म्हणजे पुरे. लघवीला जाण्यापूर्वी व नंतर स्वच्छ, मऊ, पांढऱ्या सुती कापडाने किंवा कागदाने पुढून मागे पुसावे, ते पुसताना अडखळते की घसरते हे ध्यानात घ्यावे, आणि कापडावर जे आले असेल ते पाहून बोटांत ताणून पाहावे. बोट आत घालून तपासण्याचे काही कारण नाही. आत थोडा ओलावा सदैव असतोच, त्यामुळे अशा तपासणीने उलट घोटाळा होतो. साबणाने किंवा बाजारी द्रावणांनी आतून धुणे तर सर्वथा वर्ज्य समजावे, कारण त्याने स्राव ओळखू येत नाहीच, शिवाय तेथील नैसर्गिक संरक्षण नष्ट होऊन रोगाला आमंत्रण मिळते. समागमानंतर वीर्याचा अंश दुसऱ्या दिवसापर्यंत स्रावात मिसळतो, सबब त्या दिवसाच्या नोंदीपुढे प्रश्नचिन्ह करून ठेवणे बरे.

नोंदीविना हा सारा खटाटोप व्यर्थ आहे. आपल्या कित्येक घरांत कालनिर्णयाच्या चौकटीत दुधाच्या खाड्याच्या आणि सिलिंडरच्या नोंदीशेजारी पाळीच्या तारखेची एक बारीक खूण असतेच. त्याच चौकटीत आणखी एक अक्षर घालावयाचे आहे, आणि भिंतीवर नको असेल तर एखाद्या छोट्या वहीत. रक्त दिसेल त्या दिवशी 'र', कोरडे असेल तर 'को', चिकट असेल तर 'चि', ओले व दुधाळ असेल तर 'ओ', आणि बुळबुळीत, तारेचे असेल तर 'ता'. दिवसभरात दोन तऱ्हा दिसल्या तर त्यांतील अधिक ओली असेल ती रात्री झोपण्यापूर्वी लिहावी. उदाहरणार्थ, ३१ दिवसांनी पाळी येणाऱ्या एखाद्या स्त्रीच्या वहीत पहिले ५ दिवस 'र', ६ ते १० 'को', ११ ते १३ 'चि', १४ ते १६ 'ओ', १७ व १८ 'ता', आणि १९ पासून पुन्हा 'चि' किंवा 'को' अशी ओळ उतरेल. यातील १८ वा दिवस, म्हणजे बुळबुळीतपणा जाणवला तो अखेरचा दिवस, याला शिखरदिन म्हणावे. बीज सुटते ते बहुधा या दिवशी, किंवा त्याच्या एकदोन दिवस पुढेमागे. मात्र तो शिखरदिन होता हे कळते ते दुसऱ्या दिवशी स्राव पालटल्यावर. आज 'ता' लिहिले, तर उद्याही तेच लिहावे लागेल की नाही, हे आज सांगता येत नाही.

सामान्य, अल्पशिक्षित स्त्रीला हे जमेल का, अशी शंका पुष्कळांना येते. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे जॉन व एव्हलिन बिलिंग्ज या डॉक्टर दांपत्याने १९५० नंतरच्या काळात स्त्रियांच्या सांगण्यावरून ही पद्धत बसवली, आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेने तिची पाच देशांत परीक्षा घेतली. त्या पाच केंद्रांत आपले बंगळूरही होते. सहभागी झालेल्या ८६९ स्त्रियांत अक्षरओळख नसलेल्याही पुष्कळ होत्या, आणि तरीही शिकवणीच्या पहिल्याच चक्रात ९३ टक्के स्त्रियांना आपल्या स्रावातील फरक ओळखून त्याची समजण्याजोगी नोंद करता आली. हे जमण्यासाठी पदवी लागत नाही. लागतो तो संकोच बाजूला ठेवून दोनतीन पाळ्या स्वतःकडे पाहण्याचा सराव.

स्रावाला दुजोरा देणाऱ्या आणखी काही खुणा आहेत. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी रोज एकाच वेळी ताप मोजला, तर बीज सुटल्यानंतर तो ०.२ ते ०.५ अंश सेल्सियसने वर गेलेला व पाळी येईपर्यंत तसाच राहिलेला आढळतो. परंतु ही खूण घटना घडून गेल्यावर मिळणारी असल्याने, मूल हवे असणाऱ्यांना त्या महिन्यापुरता तिचा उपयोग नाही, खातरजमेपुरता आहे. काही स्त्रियांना त्या सुमारास ओटीपोटात एका बाजूला कळ येते, काहींना छाती जड वाटते. या खुणा सर्वांना नसतात. औषधाच्या दुकानात मिळणारी लघवी तपासण्याची पट्टी बीज सुटण्याच्या २४ ते ३६ तास आधी वाढणारे संप्रेरक दाखवते व ती उपयुक्तही आहे, पण ती कोणत्या दिवसापासून वापरावी हे पुन्हा स्रावच सांगतो.

येथे एका गैरसमजाविषयी सविस्तर लिहिणे मला अगत्याचे वाटते. अंगावरून पांढरे जाणे म्हणजे शरीरातील शक्ती वाहून जाणे, हाडे झिजणे, अशी समजूत आपल्या समाजात खोल रुजलेली आहे, आणि तिच्यापायी कितीतरी मुली महिन्याच्या मध्यावर येणाऱ्या निरोगी स्रावालाच रोग समजून वर्षानुवर्षे मनात कुढतात, टॉनिकांच्या बाटल्या रिचवतात. स्वच्छ, दुर्गंधी नसलेला, खाज न आणणारा आणि महिन्याच्या ठराविक काळात येऊन जाणारा स्राव हा आरोग्याचा दाखला आहे. त्याने कंबर दुखत नाही की अशक्तपणा येत नाही. याच्या उलट बाजूही तितकीच गंभीर आहे. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही आढळले, आणि पूर्वी कधीतरी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. म्हणजे निरोगी स्त्री भीतीने खंगते, आणि आजारी स्त्री लाजेने दुखणे अंगावर काढते. दह्याच्या गुठळ्यांसारखा स्राव व असह्य खाज, करडा पातळ स्राव व माशासारखा वास, हिरवट-पिवळा फेसाळ स्राव, त्यासोबत ओटीपोटात दुखणे किंवा ताप, यांपैकी काहीही दिसले तर तो बीजविमोचनाचा स्राव नव्हे. डॉक्टरांना दाखवून औषध घ्यावे, आणि त्यांनी सांगितले तर पतीनेही घ्यावे. समागमानंतर रक्त दिसणे, किंवा पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसणे, या दोन तक्रारींत तर एक दिवसाचाही विलंब करू नये. गर्भाशयाच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची ती सुरुवात असू शकते.

मूल हवे असणाऱ्या जोडप्याने वहीचा उपयोग कसा करावा? सुटलेले बीज जेमतेम १२ ते २४ तास जगते, म्हणून ते सुटेल तेव्हा शुक्रजंतू आधीच वर पोचलेले असणे हिताचे. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात २२१ स्त्रियांच्या नोंदींवरून १९९५ मध्ये असे दाखवण्यात आले की, गर्भधारणा झाली ती बीज सुटण्याचा दिवस व त्याआधीचे पाच, अशा सहा दिवसांतच. एक दिवस उशीर झालेल्यांच्या पदरी काही पडले नाही. म्हणून वहीत 'ओ' लिहिण्याची वेळ आली की तेथपासून शिखरदिनापर्यंत रोज किंवा दिवसाआड समागम व्हावा. 'ता' दिसण्याची वाट पाहत आधीचे आठ-दहा दिवस ब्रह्मचर्य पाळण्याचा सल्ला वडीलधारी मंडळी देतात, त्याला आधार नाही. आणि ही वही पतीनेही पाहावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. तारखांचे ओझे एकट्या बाईच्या डोक्यावर ठेवले म्हणजे शयनगृहात सरकारी मुदतीचा ताण शिरतो, आणि त्यात दोघांचेही मन कोमेजते.

मूल नको असणाऱ्यांनी मात्र अधिक सावध राहावे. नियम असा की, ओलावा वा चिकटपणा प्रथम जाणवेल तेव्हापासून शिखरदिनानंतरच्या तिसऱ्या दिवसाच्या रात्रीपर्यंत समागम टाळावा. वर उल्लेखिलेल्या जागतिक परीक्षेत पद्धतीचे नियम काटेकोर पाळणाऱ्या १०० स्त्रियांमागे वर्षाला सुमारे ३ गर्भधारणा झाल्या, परंतु प्रत्यक्षात सर्वांची मिळून ती संख्या २० च्या वर गेली; कारण नियम ठाऊक असूनही ऐन दिवसांत तो मोडला गेला. ज्या घरात पत्नीच्या नकाराला किंमत नाही तेथे ही पद्धत चालणार नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. तेथे तांबी, गोळ्या किंवा इंजेक्शन यांची तजवीज प्राथमिक आरोग्य केंद्रात विनामूल्य होते, आणि तीच करावी.

आणखी काही प्रसंगी ही वही गोंधळात पाडते. बीजकोशात अनेक पुटके वाढून पाळी लांबण्याचा जो विकार आज तरुण मुलींत पुष्कळ दिसतो, पीसीओएस म्हणून ज्याला ओळखतात, त्यात 'ता' दोनतीनदा येऊन जातो आणि बीज मात्र सुटत नाही. अंगावर पाजणाऱ्या मातेला पाळी नसतानाही बीज सुटू शकते, कारण बीज आधी आणि पाळी नंतर, असाच क्रम आहे. सर्दीवरील काही औषधांनी स्राव आटतो. आणि बीज वाढावे म्हणून दिल्या जाणाऱ्या क्लोमिफेन या गोळ्यांनीही तो दाट होऊ शकतो. गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना तर या नोंदीला काही अर्थ नाही.

पाळी २१ दिवसांच्या आत किंवा ३५ दिवसांच्या पलीकडे येत असेल, तीनचार चक्रांत 'ता' एकदाही आला नसेल, किंवा प्रयत्न करून एक वर्ष, आणि वय ३५ च्या वर असल्यास सहा महिने, लोटले असतील, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. जाताना दोघांनी जावे. पत्नीच्या रक्ताच्या, सोनोग्राफीच्या आणि नळ्यांच्या तपासण्यांची यादी हाती पडण्यापूर्वी पतीच्या वीर्याची तपासणी मागून घ्यावी. तिला २ ते ७ दिवसांचे समागमवर्जन पुरते, खर्च थोडा येतो, इजा काहीच होत नाही, आणि पुरुषाकडील कारणाचा वाटा इतक्या जोडप्यांत असतो की ती तपासणी मागे ठेवण्याचे कोणतेही समर्थनीय कारण नाही.